मराठी बालचित्रपुस्तकांतील आजी-आजोबा

१

दुधापेक्षा दुधावरची साय अधिक गोड, असे मराठी माणूस नातवंडांविषयी बोलताना म्हणतो. ह्या म्हणीतील जिव्हाळा कोणीही नाकारणार नाही. तथापि वाङ्मयाचा विचार करू लागल्यावर ती थोडी अडचणीची ठरते. साय आपोआप येते. ती चाखण्यापलीकडे तिच्याशी काही व्यवहार करावा लागत नाही. आजी-आजोबा व नातवंडे ह्यांच्या नात्याचा गौरव करावा म्हणून जी चित्रपुस्तके आपण मुलांच्या हाती देतो, त्यांतील पुष्कळशी ह्या सायीपाशीच थांबलेली दिसतात. त्यांत माया ओसंडून वाहत असते. परंतु एकमेकांना ओळखणारी, एकमेकांवर रुसणारी, एकमेकांवाचून अडणारी दोन माणसे त्यांत क्वचितच भेटतात.

येथे चित्रपुस्तक हा शब्द ‘सचित्र पुस्तक’ ह्या अर्थाने योजलेला नाही, हे आरंभीच सांगणे अवश्य आहे. सचित्र पुस्तकात गोष्ट शब्दांनी पूर्ण होते आणि चित्र तिला शोभा देते. चित्रपुस्तकात गोष्टीचा काही भाग शब्द सांगतात व काही भाग केवळ चित्रच सांगते. दोहोंपैकी एक काढून घेतले तर गोष्ट अपुरी राहते. सुधा मूर्ती ह्यांच्या आजीच्या कथांचे ‘आजीच्या पोतडीतल्या गोष्टी’ हे मराठी भाषांतर पुष्कळ घरांत आवडीने वाचले जाते. परंतु ते सचित्र कथापुस्तक होय, चित्रपुस्तक नव्हे. हा भेद केवळ वर्गीकरणाच्या सोयीचा नाही. पुढे जो मुद्दा मांडावयाचा आहे, तो सर्वस्वी ह्या भेदावर उभा आहे.

टीकेसाठी कसोटी हवी. प्रस्तुत लेखकाने ती फार दूर शोधलेली नाही. नागपूरच्या आग्नेयेस सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर उमरेड हे तालुक्याचे गाव आहे. रेशीमकाठी कापडाच्या विणकामासाठी ते एके काळी ओळखले जाई. आज त्याची ओळख कोळशाच्या उघड्या खाणीवरून व मिरचीवरून अधिक होते. अशा गावातील एखाद्या घरात दुपारच्या वेळी आजी व नातवंड ही दोघेच असताना हे पुस्तक उघडले, तर त्या दोघांना त्याचे काय करता येईल? एवढाच प्रश्न येथे प्रत्येक पुस्तकास विचारावयाचा आहे.

२

चित्रपुस्तकांतील आजीचा एक साचा ठरून गेला आहे. पांढऱ्या केसांचा आंबाडा, नाकावर घसरलेला चष्मा, अंगावर नऊवारी, हातात लाडवांचा डबा आणि ओठांवर गोष्ट. आजोबांच्या हाती काठी व वर्तमानपत्र असते. नातवंड धावत येते, मांडीवर बसते आणि गोष्ट संपता संपता झोपी जाते. ह्या चित्रात खोटे असे काही नाही. परंतु ते पाहून आजीविषयी आपल्याला नवे असेही काही कळत नाही. लाडू कोणी वळले, ते वळताना तिचे हात दुखले का, गोष्ट सांगताना ती मधेच कोठे अडखळली का, ह्यांविषयी चित्र मौन पाळते.

हा साचा कोठून आला, ह्याचे कारण आपल्या कथापरंपरेतच सापडते. मौखिक परंपरेत आजी ही गोष्ट सांगणारी होती. ती गोष्टीचा विषय नव्हती. लेखनाच्या व मुद्रणाच्या काळात गोष्ट सांगण्याचे तिचे काम पुस्तकाने घेतले आणि तिला, जणू भरपाई म्हणून, पुस्तकातील चित्रात नेऊन बसविले. सांगणारीचे पात्र झाले, पण सांगणारीचे चातुर्य तिच्याबरोबर आले नाही. ती बसूनच राहिली.

ह्याच्या उलट, जी गोष्ट मराठी आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्या भोपळ्यात बसून जाणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीकडे पाहावे. ही म्हातारी एकटीच रान तुडवीत लेकीच्या घरी निघते. वाटेत हिंस्र पशू आडवे येतात. ती त्यांच्याशी बोलते, सौदा करते, मुदत मागून घेते, लेकीकडे खाऊनपिऊन लठ्ठ होते आणि परतताना भोपळ्यात बसून त्या सर्वांना चकविते. भित्री असूनही ती धीट आहे; लबाड आहे, खादाडही आहे. म्हणजे ती माणूस आहे. गोष्ट सांगणाऱ्या आजीने स्वतःच्या वयाच्या बाईला नायिका केले आणि मांडीवरच्या मुलाला नकळत सांगितले की, म्हातारपणीही बुद्धी चालते. उमरेडच्या मुलाला तर ह्यातील रान कल्पनेने उभे करावे लागत नाही. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य त्याच्या गावाजवळच आहे, आणि २०१६ साली तेथून नाहीशा झालेल्या ‘जय’ वाघाची कथा त्याने घरच्या मोठ्यांच्या तोंडून ऐकलेली असण्याचा संभव आहे. लोककथेची म्हातारी वाघाशी बोलते. आधुनिक चित्रपुस्तकातील आजी बहुधा अंगणाबाहेरही पडत नाही. ही प्रगती म्हणावी की परागती, हे वाचकानेच ठरवावे.

३

साचा टिकून राहण्यास आर्थिक कारणही आहे, आणि टीकाकाराने त्याकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. रंगीत चित्रांचे मुद्रण खर्चाचे असते. एकाच भाषेतील वाचकांच्या बळावर तो खर्च भरून निघणे अवघड, म्हणून एकदा तयार केलेली चित्रे कायम ठेवून मजकूर तेवढा निरनिराळ्या भाषांत बदलावयाचा, ही रीत पडली. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने आपल्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत हीच रीत अनुसरून अल्प किमतीत चांगली पुस्तके अनेक भारतीय भाषांतील मुलांपर्यंत पोहोचविली. २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे खुले ग्रंथभांडार उघडून तिला आणखी व्यापक केले. हे उपकार मोठे आहेत, आणि ज्या घरात एकही पुस्तक नव्हते तेथे पुस्तक गेले ह्याचे मोल कोणत्याही वाङ्मयीन आक्षेपाहून अधिक आहे.

तरीही आक्षेप नोंदविलाच पाहिजे. जे चित्र सर्व प्रांतांस चालावयाचे, त्यातील आजी कोणत्याच प्रांताची राहत नाही. तिचे लुगडे नेसण्याची तऱ्हा, तिच्या घराची चूल, ओटा, अंगण ही सर्व सामान्य होत जातात. शब्दांतही असेच घडते. प्रथम बुक्सच्या ‘नानी की ऐनक’ ह्या गमतीदार गोष्टीत चष्मा हरवून बसणारी आजी आणि तिच्या दिवसभराच्या उद्योगांचा माग काढून तो शोधणारी नात आहे. ही गोष्ट रूढ साच्याहून निश्चितच सरस आहे. कारण तीत आजी विसरते, नात मदत करते, आणि आजीला काही उद्योगही आहेत. परंतु मराठीत येताना नानी आणि दादी ह्या दोघींचीही ‘आजी’ होते. हिंदीने आईची आई व बापाची आई ह्यांना वेगळी नावे दिली. मराठीने तो भेद घराच्या नावात ठेवला. आईच्या माहेराला आपण आजोळ म्हणतो, बापाच्या घराला तसा गोड शब्द नाही. आजोळी नातवंड पाहुणे असते, चार दिवसांचे लाडके असते; स्वतःच्या घरी ते आजीच्या रोजच्या धाकात वाढते. ही दोन्ही नाती प्रेमाची असली तरी एकसारखी नव्हेत. मूळ शब्दाबरोबर येणारा हा अर्थ नुसत्या ‘आजी’ ह्या प्रतिशब्दाने उतरत नाही. तो चित्रातून किंवा एखाद्या जादा वाक्यातून द्यावा लागेल. विदर्भात तर पुष्कळ घरी आजोबांना ‘आबाजी’ म्हणतात. पुस्तकातील ‘आजोबा’ वाचून दाखविताना तेथील मोठी माणसे तो शब्द आपोआप बदलतात. असा बदल ही वाचनातील चूक समजण्याचे कारण नाही. पुस्तकाने जे जोडावयाचे राहिले, ते वाचणाऱ्याने जोडले, इतकाच त्याचा अर्थ.

४

मराठीतच जन्मलेल्या चित्रपुस्तकांचा विचार करताना माधुरी पुरंदरे ह्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्या स्वतः लिहितात व स्वतःच चित्रे काढतात. त्यामुळे कोणते काम शब्दाने करावयाचे व कोणते रेषेने, ह्याचा निवाडा एकाच हाताने होतो. २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६ चा बिग लिटल बुक पुरस्कार त्यांना मिळाला, हे सुविदित आहे. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेला त्यांचा ‘राधाचं घर’ हा संच आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा. राधा ह्या लहान मुलीच्या घरातील माणसे मुलाच्या नजरेच्या उंचीवरून येथे पाहिलेली आहेत. वडीलधारी माणसे येथे उपदेशासाठी किंवा सणावारासाठी आणलेली नाहीत. घरात ती जशी असतात तशीच आहेत, आणि मुलीला त्यांच्या ज्या लकबी दिसतात त्याच पुस्तकात आल्या आहेत. नात्याचा गौरव करावयाचा नाही, नाते दाखवावयाचे, हा संयम मराठी बालवाङ्मयात दुर्मिळ होता.

ह्या गुणाची कदर करूनही एक मर्यादा सांगितली पाहिजे, आणि ती लेखिकेची नसून आपल्या एकंदर ग्रंथव्यवहाराची आहे. हे घर प्रामुख्याने शहरी, मध्यमवर्गीय, वाचणाऱ्या माणसांचे घर आहे. एका लेखिकेने आपल्या परिचयाचे घर प्रामाणिकपणे रंगविले, ह्यात दोष कोणता? दोष आहे तो हा की, त्याच तोलामोलाची दुसरी घरे आपल्या चित्रपुस्तकांत फारशी उभी राहिली नाहीत. उमरेडच्या विणकर वस्तीतील आजी घ्यावी. तिच्या तरुणपणी घरात हातमाग होता. पुरुष मागावर बसत आणि बायका, म्हातारी माणसे व पोरे कांड्या भरीत. आज तेथे माग पूर्वीच्या मानाने फारच थोडे उरले आहेत. दुसरी आजी मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे जेथे मिरची पसरून वाळवतात व निवडतात तेथे, देठ खुडावयास जाते. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या बोटांची आग होत असते, आणि नातवाला जवळ घेण्यापूर्वी तिला हात चांगले धुवावे लागतात. ह्या हात धुण्यात जेवढे प्रेम आहे, तेवढे लाडवांच्या दहा डब्यांत नाही. शब्दांत ते सांगू गेल्यास भडक होईल. चित्राने मात्र ते एका पानात, एकही शब्द न योजता दाखविता येईल. तिसऱ्या घरातील आबाजी खाणीतून निवृत्त झालेले असतील. नागपूर-नागभीड अरुंदमापी रेल्वे, जी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, तिच्या गाडीतून केलेल्या प्रवासाची आठवण ते नातीला सांगत असतील. ही नाती अस्तित्वात आहेत. त्यांची चित्रे काढली गेलेली नाहीत.

५

तुलनेसाठी परदेशातील दोन पुस्तके पाहणे उपयुक्त होईल. जॉन बर्निंगहॅम ह्या इंग्रज चित्रकाराचे आजोबा व नात ह्यांच्यावरील पुस्तक १९८४ साली निघाले. त्यात सलग कथा नाही. दोघांची तुटक वाक्ये आहेत, आणि आजोबांची व नातीची वाक्ये वेगवेगळ्या वळणाच्या अक्षरांत छापलेली आहेत. पुष्कळदा एकाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्याचे उत्तर नसतेच. दोघे आपापल्या जगात असतात, तरी एकत्र असतात. एके ठिकाणी त्यांचे बिनसते. पुढे आजोबा थकतात, आणि अखेरीस नात एका रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसलेली दिसते. मृत्यू हा शब्द न उच्चारता मुलाला मृत्यू दाखविण्याचे हे धैर्य आपल्या चित्रपुस्तकांनी क्वचितच केले आहे. आजी-आजोबांचे मरण हा पुष्कळ मुलांना आलेला मृत्यूचा पहिला अनुभव असतो. तरीही आपली गौरवपर पुस्तके जणू आजी अमर आहे असे समजून लिहिलेली असतात. रिकामी झालेली जागा मुलाला रोज दिसत असताना पुस्तकाने तिच्याविषयी बोलू नये, हे मुलाला एकटे टाकण्यासारखे आहे.

दुसरे पुस्तक अमेरिकेतील मॅट दे ला पेन्या ह्यांनी लिहिलेले व ख्रिश्चन रॉबिन्सन ह्यांनी चितारलेले, २०१५ सालचे. त्याला पुढील वर्षी न्यूबेरी पदक मिळाले. त्यातील आजी व नातू शहरातील बसने प्रवास करतात आणि भुकेल्यांना जेथे जेवण वाढले जाते तेथे जाऊन स्वतः वाढू लागतात. ही आजी नातवाचे लाड करीत नाही. त्याच्या तक्रारींना ती आपल्या जगण्यातून उत्तर देते. नाते येथे एका कामात गुंफलेले आहे. दोन्ही पुस्तकांवरून दिसते ते असे की, जेथे देणे-घेणे दुतर्फा होते आणि जेथे काही गमावण्याची शक्यता असते, तेथेच हे नाते वाङ्मयात जिवंत होते.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उमरेडच्या घरात दुपारी पुस्तक उघडले, आणि आजीला वाचता येत नसेल, तर काय? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७६ टक्के होते. म्हणजे सात वर्षे व त्यावरील दर चार स्त्रियांमागे जवळजवळ एक निरक्षर होती, आणि वयस्कर स्त्रियांत हे प्रमाण ह्याहून अधिक असणार हे उघड आहे. आजीच्या मायेचा गौरव करणारे पुस्तक त्या आजीलाच वाचता येऊ नये, हा विरोधाभास आपल्या टीकेने आजवर पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

ह्यावर एक उपाय आजीला अक्षरे शिकविण्याचा आहे. सुधा मूर्ती ह्यांच्या प्रसिद्ध कथेत नात आजीला वाचावयास शिकविते आणि आजी तिला गुरू मानून वाकून नमस्कार करते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेने ही गोष्ट प्रत्यक्षात आणली. गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाणाऱ्या त्या आज्या हा खरोखर एखाद्या चित्रपुस्तकाचा विषय आहे. परंतु सगळ्याच आज्या शाळेत जाणार नाहीत, आणि नातवंड तोवर थांबणार नाही.

दुसरा उपाय चित्रपुस्तकाच्या स्वरूपातच दडलेला आहे. निरक्षर आजी आणि अक्षरओळख न झालेले मूल ह्या दोघांना सारख्या अधिकाराने उघडता येईल, असे पुस्तक म्हणजे चित्रपुस्तकच. कादंबरीपुढे, पोथीपुढे, पाठ्यपुस्तकापुढे आजी परकी आहे. चित्रापुढे ती परकी नाही. उलट तिने मुलापेक्षा अधिक जग पाहिलेले असल्यामुळे तिला चित्रात अधिक दिसते. हे जाते आहे, हा धोटा आहे, हे पाखडणे आहे, हे मुलाला तीच सांगू शकेल. आणि बसस्थानकावरील पाटी किंवा भ्रमणध्वनीवरील खूण कसली, हे तिला मूल सांगेल. दुतर्फा देणे-घेणे म्हणतात ते हेच, आणि ते पुस्तकाच्या आत नव्हे, पुस्तकाभोवती घडते. माधुरी पुरंदरे ह्यांचे ‘चित्रवाचन’ हे पुस्तक ह्या दृष्टीने नव्याने पाहण्याजोगे आहे. शब्दांचा आधार न देता चित्रच वाचावयास लावणारे ते पुस्तक आपण मुलाच्या भाषाविकासाचे साधन म्हणून वाखाणतो. ते आजीचेही पुस्तक आहे, हे आपल्या ध्यानी आलेले नाही.

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल की, शब्द नसलेले पुस्तक पालक विकत घेत नाहीत. ‘ह्यात वाचण्यासारखे काय आहे?’ असे ते विचारतात. आक्षेप व्यवहारतः खरा आहे. आणखीही एक आक्षेप संभवतो: चित्रावर समाधान मानल्यास आजीला निरक्षरच ठेवल्यासारखे होणार नाही काय? पहिल्याचे उत्तर असे की, शब्द अजिबात नकोत असे कोणी म्हणत नाही. शब्द थोडे असावेत आणि ते वाचता आले नाहीत तरी गोष्ट बंद पडू नये, इतकेच मागणे आहे. दुसऱ्याचे उत्तर असे की, ज्या पुस्तकाने आजीला आपलेसे केले त्याच्याच अक्षरांकडे ती कधी काळी बोट नेईल. ज्याने तिला प्रारंभीच बाहेर ठेवले त्याच्या अक्षरांकडे ती पाहणारही नाही.

७

ह्या विवेचनावरून चित्रपुस्तकांच्या टीकेसाठी तीन प्रश्न सुचवावेसे वाटतात. पुस्तकातील आजीला स्वतःचे काही काम, काही भय, काही इच्छा आहे काय? नातवंडाकडून तिच्याकडे काही जाते काय? आणि शब्द झाकून ठेवले तर आजी व मूल ह्या दोघांना मिळून ते पुस्तक उलगडता येते काय? आपली बहुसंख्य गौरवपर पुस्तके तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाहीत, पहिल्यापाशीच अडतात.

विदर्भातील भाषाविभागांना व चित्रकला शिकविणाऱ्या संस्थांना ह्यात करण्यासारखे पुष्कळ आहे. विणकर घरातील आज्या कांड्या भरण्याच्या, ताणा-बाण्याच्या, रेशीमकाठांच्या ज्या गोष्टी सांगतात, त्या त्यांच्याच बोलीत टिपून घ्याव्यात. त्या घरांची, त्या हातांची चित्रे विद्यार्थ्यांनी समोर बसून काढावीत. आणि तयार झालेले पुस्तक छापण्यापूर्वी त्याच आजीच्या व तिच्या नातवंडाच्या हाती देऊन, दोघे कोणत्या पानावर थांबतात आणि कोणते पान न बोलता उलटतात, हे पाहावे. जे पान ती दोघे न बोलता उलटतील, ते पुन्हा काढावे. कांड्या भरताना ज्यांची बोटे घडली त्या आज्या आज थकल्या आहेत, आणि त्यांची नातवंडे चार-पाच वर्षांचीच आहेत. ही दोन्ही वये एका घरात एकत्र असण्याचा काळ थोडा असतो. हे काम करावयाचे तर ते त्या काळातच केले पाहिजे.